ओढायला काय, थांबवायचं कुणी?

डिसेंबर महिन्यात कराड सोडून कोल्हापूरच्या दिशेने निघालात, तर एक गोष्ट हमखास ठरलेली. तुमची गाडी कितीही भारी असो, कुठे ना कुठे ती उसाच्या ट्रॉलीमागे अडकणारच! पुढे एक ट्रॅक्टर, त्याला जोडलेल्या उसाने शिगोशीग भरलेल्या दोन ट्रॉल्या, ड्रायव्हरच्या डोक्यावर कर्णा लावलेला टेप आणि हे सगळं लटांबर बैलगाडीच्या वेगाने डुलत डुलत चाललेलं. आपण मागे बसून नुसतं वाढ्यांचं हिरवं शेपूट बघत राहायचं.

गेल्या वर्षी अशीच आमची गाडी अडकली होती. शेजारी बसलेली आमची सातवीतली कन्या बराच वेळ गप्प होती. ती गप्प असली की मला धास्ती वाटते, कारण त्यानंतर प्रश्न येतो.

"बाबा, आपली गाडी किती हॉर्सपॉवरची आहे?"

"ऐंशीच्या आसपास."

"आणि हा ट्रॅक्टर?"

"असेल चाळीस-पन्नासचा."

"मग आपण त्याच्यामागे का? त्या ट्रॉल्या आपल्या गाडीने ओढायला हव्यात, आणि त्या ड्रायव्हरकाकांनी आपल्यामागून यायला हवं!"

आता सांगा मित्रांनो, काय उत्तर द्याल? ८० मोठे की ५०? पहिलीतलं पोरही सांगेल. तरीसुद्धा आमच्या गाडीला त्यातली एक ट्रॉली जोडली असती, तर चढावर गाडी जागची हलली नसती. क्लच जळाल्याचा वास मात्र कराडपर्यंत गेला असता.

मी "घरी गेल्यावर सांगतो" असं म्हणून वेळ मारून नेली. (पालक असंच करतात, तुम्हाला ठाऊक आहेच.) पण योग असा, की आम्ही निघालो होतो माझ्या थोरल्या भावाच्या, म्हणजे अण्णांच्या गावी, आणि त्यांच्या घरात त्या आठवड्यात नेमका हाच विषय पेटलेला होता. अण्णांना ऊस ओढायला नवं 'हेड' घ्यायचं होतं. आमच्या भागात ट्रॉली सोडून नुसत्या ट्रॅक्टरला हेड म्हणतात.

घरात तीन पक्ष होते. माझा पुतण्या, म्हणजे कन्येचा दादा, वय बावीस. त्याला ६० एचपीचं हेड हवं होतं. दहा लाखांच्या घरातलं. वहिनींना चाळीसचं जुनं, निम्म्या किमतीत मिळणारं पुरे वाटत होतं, कारण हप्ते शेवटी त्यांच्याच दुधाच्या पैशांतून जायचे. आणि अण्णा काहीच बोलत नव्हते.

अण्णा का बोलत नव्हते, ते सांगायला हवं. तीन हंगामांपूर्वी त्यांच्याकडे ३५ एचपीचं जुनं हेड होतं. गावाच्या अलीकडे एक ओढा आहे, ओढ्यावर बुटका पूल आणि पुलानंतर लगेच चढ. त्या चढावर दोन भरल्या ट्रॉल्या घेऊन जाताना हेडची पुढची चाकं उचलली. चाकं हवेत म्हटल्यावर स्टिअरिंग कितीही फिरवा, काय उपयोग? वर जाणं थांबलं आणि सगळं उलटं मागे घसरायला लागलं. ट्रॉली वाकडी झाली, हेड तिच्यावर आडवं गेलं आणि अण्णांचा डावा पाय मडगार्डखाली सापडला. पायात आजही लोखंडी सळई आहे. क्लच दाबता येत नाही, म्हणून ट्रॅक्टर आता दादा चालवतो. त्याच रस्त्याने, त्याच चढावरून.

तेव्हा 'कोणतं हेड घ्यायचं' हा प्रश्न त्या घरात रंगाचा किंवा ऐटीचा नव्हता.

मिस्त्रींचा पाना

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी गावातल्या मिस्त्रींना चहाला बोलावलं. मिस्त्रींचं शिक्षण आठवीपर्यंत, पण पंचक्रोशीतलं प्रत्येक इंजिन त्यांनी कधी ना कधी उघडलेलं. कन्येने आपला कालचा प्रश्न त्यांच्यापुढे टाकला. मिस्त्री हसले. त्यांनी पिशवीतून एक वीतभर पाना काढला आणि दादाच्या जुन्या ट्रॉलीच्या चाकाचा नट दाखवला.

"घे, खोल बघू."

कन्येने सगळा जोर लावला. नट ढिम्म. मग मिस्त्रींनी पान्याच्या दांड्यात एक हात-दोन हात लांबीचा पाइप अडकवला. "आता लाव जोर." कर्र्र् आवाज झाला आणि नट फिरला!

"जोर तेवढाच, न्हवं का? पर नटाला पीळ जास्त बसला. ह्येला म्हणत्यात टॉर्क. आमी आपलं 'ओढ' म्हणतो. गाडीला ओढ हाय का न्हाय, ते टॉर्कवर."

तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात यालाच 'बलाचे आघूर्ण' असं भारदस्त नाव आहे. मोजायचं न्यूटन-मीटरमध्ये. एक मीटर लांब दांड्याच्या टोकाला साधारण १० किलो वजन टांगलं, की दुसऱ्या टोकाला सुमारे १०० न्यूटन-मीटर पीळ बसतो. आमच्या ८० एचपीच्या पेट्रोल गाडीचं इंजिन जास्तीत जास्त ११० न्यूटन-मीटरच्या आसपास पीळ देतं, तेही मिनिटाला चार हजारांहून जास्त फेऱ्या घेऊन, म्हणजे चांगलं किंचाळून. ५० एचपीच्या ट्रॅक्टरचं इंजिन देतं जवळजवळ २००, आणि तेही मिनिटाला १३००-१४०० फेऱ्यांवर, रमतगमत.

मग हॉर्सपॉवर म्हणजे काय? ७५ किलो वजन एका सेकंदात एक मीटर उचलायचं, म्हणजे एक हॉर्सपॉवर. यात 'एका सेकंदात' हे शब्द महत्त्वाचे. हॉर्सपॉवर म्हणजे काम किती झपाट्याने होतं त्याचं माप. पीळ आणि फेऱ्यांचा वेग या दोघांचा गुणाकार. आमची गाडी भराभर फेऱ्या मारून ८० चा आकडा गाठते, आणि ट्रॅक्टर थोड्याच फेऱ्या मारतो पण प्रत्येक फेरीत दम असतो.

त्यावर गिअरची करामत आणखी वेगळी. ट्रॅक्टरच्या सगळ्यात खालच्या गिअरमध्ये इंजिनाच्या साधारण २०० फेऱ्या होतात, तेव्हा कुठे मागचं मोठं चाक एकदा फिरतं. म्हणजे पान्याला लावलेला तो पाइप, पण दोनशे पट लांब! वेग मात्र तितकाच कमी, ताशी दोन-अडीच किलोमीटर. तुम्ही चालत त्याच्या पुढे जाल.

डिझेलच का?

सायकलच्या पंपाने घाईघाईने हवा भरलीत, तर पंपाचं टोक गरम लागतं. लागतं ना? हवा दाबली की तापते. रुडॉल्फ डिझेल नावाच्या जर्मन इंजिनिअरने हीच गोष्ट टोकाला नेली. त्याच्या इंजिनाला ठिणगीसाठी स्पार्क प्लगच नाही. सिलिंडरमध्ये नुसती हवा घ्यायची, ती दाबून मूळच्या सोळा-अठराव्या हिश्शात कोंबायची. ती ५०० अंश सेल्सिअसच्या वर तापते. मग त्या धगीत तेलाचा बारीक फवारा मारायचा. भक्! ठिणगीशिवाय पेट.

१८९३ मध्ये त्याला पेटंट मिळालं आणि १८९७ मध्ये ऑग्सबर्गमध्ये त्याचं इंजिन नीट चाललं. इंधनातल्या उष्णतेपैकी २६ टक्के उष्णता त्याने कामाला लावली. तेव्हाची वाफेची इंजिनं दहा टक्क्यांच्या आसपास रेंगाळत होती. माणसाचा शेवट मात्र चटका लावणारा झाला. सप्टेंबर १९१३ मध्ये 'ड्रेसडेन' नावाच्या बोटीने इंग्लंडला निघालेला डिझेल रात्री आपल्या खोलीत गेला आणि सकाळी बोटीवर नव्हता. तो समुद्रात पडला, उडी मारली, की कुणी ढकलला, हे आजतागायत कुणाला कळलेलं नाही.

एवढा दाब सोसायचा म्हणून डिझेल इंजिनाचे भाग जाडजूड, वजनदार. ते फार भराभर फिरू शकत नाहीत, पण प्रत्येक फेरीत ढकलतात जोरात. आणखी एक मोठा गुण ट्रॅक्टरवाल्यांना अनुभवाने माहीत असतो. चढ लागला, इंजिनाच्या फेऱ्या २००० वरून १४०० वर उतरल्या, की पीळ कमी होत नाही, उलट थोडा वाढतो. इंजिन अडखळतं, घोगऱ्या आवाजात कण्हतं आणि पुन्हा नेट धरतं. वजन ओढणाऱ्याला हाच स्वभाव हवा असतो.

"म्हंजे साठच घ्या!" दादा मध्येच म्हणाला. "जास्त एचपी, जास्त पीळ. विषय संपला."

"संपला?" मिस्त्री म्हणाले. "चल, चढ बघू तुझा."

गवंड्याची नळी

मग सगळी वरात ओढ्याकडे निघाली. जाताना मिस्त्रींनी शेजारच्या गवंड्याकडून पाण्याची नळी मागून घेतली. ही नळी तुम्ही घरबांधणीच्या जागी पाहिली असेल. पारदर्शक, लांबलचक, आत पाणी. दोन्ही टोकं उभी धरली की दोन्हीकडे पाण्याची पातळी एकच राहते. एका टोकाशी दादा खाली पुलाजवळ, दुसऱ्या टोकाशी कन्या २० मीटर वर. कन्येकडे पाणी अगदी जमिनीलगत होतं, तेव्हा दादाच्या बाजूला ते जमिनीपासून बरोबर एक मीटर उंच होतं. म्हणजे वीस मीटर चाललं की एक मीटर चढ. बघायला किरकोळ वाटतो.

मिस्त्रींनी पुलाच्या कठड्यावर खडूने हिशोब मांडला. मी तो तुमच्यासाठी जरा नीटनेटका करून देतो.

अण्णा पूर्वी दोन ट्रॉल्या मिळून २० टन नेत असत, ट्रॉल्यांच्या लोखंडासकट. हेड धरून बावीस. डांबरी रस्त्यावर सपाटीला एवढं वजन नुसतं लोळवायला त्याच्या दोन टक्के ओढ लागते, म्हणजे ४४० किलो. वीसास एक चढ आला की वजनाचा विसावा हिस्सा त्यात भर, ११०० किलो. एकूण साधारण दीड टन ओढ.

आता गंमत बघा. एवढी ओढ ४० एचपीच्या हेडने लावायची ठरवली, तर चढावर वेग निघतो ताशी ६ किलोमीटर. पन्नासला सात-साडेसात. साठला नऊच्या आसपास. म्हणजे वीस एचपी जास्त घेऊन काय मिळालं? त्या चढावर ताशी तीन किलोमीटर! खालचा गिअर टाकला की चाळीसचं इंजिनही दीड टन ओढ देऊ शकतं.

"मग वहिनींचं बरोबर!" मी म्हणालो.

"थांबा की, पावणं," मिस्त्री म्हणाले. "इंजिन दील. पर चाक घेतंय का?"

खरी मेख तिथे होती. इंजिनाने कितीही पीळ दिला, तरी रस्त्याला पकड धरायची ती चाकाने, आणि पकड ठरते चाकावरच्या वजनावर. कोरड्या डांबरावर चाक आपल्यावरच्या वजनाच्या जेमतेम पाऊण पट ओढ घेऊ शकतं. ओल्या रानात निम्मीही नाही. चाळीसचं हेड १८०० किलोचं, त्यातले मागच्या चाकांवर १२००. त्याची पाऊणपट, ९०० किलो. ओढताना पुढच्या चाकांवरचं थोडं वजन मागे सरकतं, म्हणून आणखी थोडी पकड मिळते. तरी दीड टन दूरच. चाकं जागच्या जागी फिरणार.

आणि हे जे पुढचं वजन मागे सरकतं, त्यातच अण्णांचा पाय गेला. ओढ जितकी जास्त, तितकं हेडचं नाक हलकं. हुक मागच्या आसापेक्षा वर असेल, तर ट्रॉली जणू हेडला कॉलर धरून मागे पाडते. अण्णांनी त्या वर्षी ट्रॉलीचा दांडा सरळ राहावा म्हणून हुक एक भोक वर लावला होता, हे त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. वहिनी तोंडाला पदर लावून ओढ्याकडे बघत राहिल्या.

काही ठिकाणी नाक उचलू नये म्हणून बोनेटवर माणसं बसवतात. पोरंसुद्धा हौसेने बसतात. तसं बसलेलं पोर घसरलं तर पडतं पुढच्या चाकासमोर. त्यापेक्षा कंपनीचीच लोखंडी वजनं पुढच्या बंपरला मिळतात, ती लावावीत. मागच्या टायरमध्ये पाऊण भाग पाणीही भरतात, बरं का! टायरमध्ये हवेऐवजी पाणी ऐकून कन्या हरखली. दोन टायरांत मिळून तीनशेहून अधिक लिटर मावतं. तेवढे किलो वजन फुकटात.

टायरवरचे आकडे वाचायलाही तिथेच शिकलो. १४.९–२८ म्हणजे टायर १४.९ इंच रुंद आणि आतली रिम २८ इंचांची. त्याच रिमवर १६.९ चा टायर मिळतो. रुंद टायर मऊ रानात कमी रुततो. रानातून ट्रॉल्या एकेक करून बाहेर काढतात आणि रस्त्यावर आल्यावर एकामागे एक जोडतात, त्याचं कारणही तेच. मऊ मातीत सपाटीलाही वजनाच्या दहा टक्के ओढ लागू शकते. वीस टनाला दोन टन!

एवढं झाल्यावर कन्येने आपल्या मूळ प्रश्नाचं उत्तर स्वतःच दिलं. आमची गाडी जेमतेम ९०० किलोची, आणि ती पुढच्या चाकांनी ओढणारी. चढावर पुढची चाकं हलकी होतात. म्हणजे ऐंशी काय, आठशे एचपी असते तरी चाकं नुसती धूर काढत फिरली असती.

थांबायचं कसं

परत येताना दादा हिरमुसला होता. "म्हणजे वजनदार हेड घ्यायचं. साठचंच वजनदार असतंय."

तेव्हा अण्णा पहिल्यांदा बोलले. "अरं, ओढायला काय, म्हशीबी ओढत्यात. थांबवायचं कुणी?"

चढ जिथे आहे तिथे परतीला उतार असतोच, पण परतताना ट्रॉल्या रिकाम्या. आमच्या ओढ्याचं तसं नाही. गावाकडून येताना आधी उतार, मग पूल, मग चढ. उतरतानाही भरलेलंच. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात आणि बहुतेक ट्रॅक्टरांचे ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना. म्हणजे वीस टन थांबवायची जबाबदारी दोन चाकांवर! हेड थांबलं तरी ट्रॉली मागून ढकलते, आणि जरा तिरकी ढकलली की हेड आडवं. चाकूचं पातं मुठीत दुमडावं तसं सगळं दुमडतं.

म्हणून मिस्त्रींनी दादाला काही गोष्टी बजावल्या. ट्रॅक्टरला ब्रेकची पायपट्टी दोन असतात, डाव्या-उजव्या चाकाची वेगळी, रानात वळायला सोपं जावं म्हणून. रस्त्यावर आल्यावर त्या दोन्ही खिटीने जोडायच्या म्हणजे जोडायच्याच. नाहीतर घाईत एकच दाबली जाते आणि हेड गर्रकन फिरतं. उतार सुरू व्हायच्या आधीच खालचा गिअर टाकायचा, आणि डिझेल वाचवायला 'न्यूट्रल मारायचं' नाही. गिअरमध्ये असलं की इंजिन स्वतःच मागे ओढून धरतं. घेताना ब्रेक तेलातले घ्यायचे. हे बंद डब्यात तेलात बुडालेले असतात, त्यामुळे चिखल-पाणी लागत नाही आणि लवकर तापून ढिले पडत नाहीत. आणि जमलं तर ट्रॉलीला ब्रेक बसवून घ्यायचे, हेडवरून चालणारे.

मला त्यावेळी अमेरिकेतले पिकअप आठवले. आपल्याकडे पिकअप म्हणजे भाजी, दुधाचे कॅन किंवा लग्नाचं सामान आपल्या पाठीवर वाहणारी गाडी. तिथे मात्र ती मागे ओढायलाही वापरतात. घोडे, गवताचे भारे, बोटी, ट्रॅक्टरसुद्धा. सगळ्यात दणकट डिझेल पिकअप पंधरा टनांहून जास्त वजन ओढतात. त्यांच्या इंजिनांची ताकद ४०० एचपीच्या वर आणि पीळ १,३०० न्यूटन-मीटरहून जास्त. मागच्या आसाला दोन्हीकडे दुहेरी टायर. फार जड ट्रॉली असेल तर हुक मागे नसतोच. बदकाच्या मानेसारखा वाकडा दांडा थेट गाडीच्या हौद्यात, मागच्या आसाच्या माथ्यावर येऊन बसतो. म्हणजे नाक उचलण्याचा प्रश्न मिटला आणि चाकांना वजनही मिळालं. कळलं का, मिस्त्रींनी खडूने मांडला तोच हिशोब!

पण ती मंडळी फक्त ओढीवर विसंबत नाहीत. जड ट्रॉलीला तिथल्या बहुतेक राज्यांत ब्रेक लागतातच, आणि ते ड्रायव्हरच्या हाताशी असलेल्या कळीवर विजेने चालतात. हुक तुटून ट्रॉली सुटलीच, तर तिच्यावरच्या बॅटरीने तिचे ब्रेक आपोआप लागतात.

या पिकअपमधलं एक इंजिन पुण्याच्या मुलांना नावाने तरी ठाऊक असेल. १९८९ सालच्या डॉज पिकअपमध्ये कमिन्स कंपनीचं ५.९ लिटरचं डिझेल इंजिन पहिल्यांदा आलं. एचपी फक्त १६०, पण पीळ ५४० न्यूटन-मीटरच्या वर, आणि शेतकऱ्यांनी ते डोक्यावर घेतलं. याच कमिन्सचा कारखाना कोथरूडला किर्लोस्करांबरोबर १९६२ मध्ये सुरू झाला. कंपनीचा संस्थापक क्लेसी कमिन्स हा मुळात एका सावकाराचा मोटार ड्रायव्हर! डिझेल कुणी विकत घेईना, तेव्हा त्याने ते एका मोटारीत बसवलं आणि जानेवारी १९३० मध्ये इंडियानापोलिसहून न्यूयॉर्कला घेऊन गेला. सुमारे १,२७५ किलोमीटर, आणि तेलाचा खर्च १ डॉलर ३८ सेंट. पुढच्याच वर्षी त्याच्या डिझेल गाडीने इंडियानापोलिसची ५०० मैलांची शर्यत तेल भरायला एकदाही न थांबता पुरी केली. नंबर आला तेरावा, पण नाव झालं.

शेवटी काय घेतलं?

रात्री जेवताना पुन्हा सभा भरली. वहिनींनी विचारलेला प्रश्न सगळ्यात नेमका होता. "भावजी, हेड मोठं घ्यायच्या ऐवजी ऊसच कमी भरला तर?"

कन्येने लगेच वही ओढली. ट्रॉल्यांसकट १५ टन, आणि हेड ५० एचपीचं, २३०० किलोचं, वर पाणी आणि पुढची वजनं मिळून २६०० च्या पुढे. चढावर लागणारी ओढ आली सव्वा टन. मागच्या चाकांची पकड दीड टन. जमलं! तेच वीस टन धरले, तर हे हेडही अपुरं, आणि साठचंही काठावरच. शेजारच्या गावात घाटाला म्हणून दोन हेडं एकापुढे एक जोडतात, ते काही हौसेने नाही.

दादाचं म्हणणं होतं की कमी भरलं तर खेपा वाढतात, तोडणीची टोळी खोळंबते आणि कारखान्यावर रांगेत रात्र जाते. ते खोटं नव्हतं. वाहतुकीचे पैसे टनावर मिळतात, खेपेवर नाही. त्यावर कुणाकडे झकास उत्तर नव्हतं. अण्णांनी फक्त पाय लांब केला आणि गुडघा चोळत म्हणाले, "वाढू देत खेपा."

पन्नासचं हेड आलं. आठ लाखांच्या आसपास, तेलातले ब्रेक, १६.९ चे टायर, पुढे लोखंडी वजनं. एका ट्रॉलीला ब्रेक बसले, दुसरीचे पुढच्या वर्षी. ट्रॉल्यांच्या मागे लाल रिफ्लेक्टर लावायचं काम कन्येकडे होतं. तिने ते वाढ्यांच्या शेपटामागे झाकले जाऊ नयेत म्हणून अगदी खाली आणि दोन्ही कडांना लावले. (ट्रॉलीतून ऊस ओढून खाणाऱ्या मंडळींनो, चालत्या ट्रॉलीचा नाद करू नका. ती थांबणार नाही. का ते आता तुम्हाला माहीत आहे.)

या नोव्हेंबरात पहिल्या खेपेच्या दिवशी दादाने काट्याच्या पावतीचा फोटो फोनवर पाठवला. हेड-ट्रॉल्या वजा जाता ऊस ११ टन ८६० किलो. खाली लिहिलं होतं, 'चढाला दुसरा गिअर, नाक खाली. काकूला नाही, आईला सांगितलं.' म्हणजे वहिनींना आधीच कळलं होतं तर!

फोटोत मागे हेड दिसत होतं. कन्येने तो मोठा करून पाहिला आणि विचारलं, "बाबा, एवढा मोठा कर्णा? दादाने टेपवर किती खर्च केला असेल हो?"

ते मात्र त्याने अजून कुणालाच सांगितलेलं नाही.